अकरा किनारी

उतावळेपणात दीप्तीचा हात धरणारं सगळ्या शाहूपुरीत कोणी नव्हतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं ही बोलून मोकळी! आणि नेमके तिचेच वडील, दादासो, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून एकेक शब्द विहिरीतून पोहऱ्यानं काढावा तसा काढायचे.

दादासो कबनूरचे डिझाइन मास्तर. चाळीस वर्षं मागावरच्या साड्यांच्या किनारी आखलेला माणूस. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कंप्युटरवर चालेना, म्हणून दीप्तीनं आपल्या ऑफिसातल्या कंप्युटरच्या पोटात दुसरा, जुन्या वळणाचा कंप्युटर उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्यात म्हाताऱ्यानं रोज लेकीबरोबर ऑफिसात येऊन पाच महिन्यांत डाव्या हातानं अकरा किनारी काढल्या. दुसरी प्रत? सांगायलाही लाज वाटते, काढलेलीच नव्हती.

आज ते मशीन उठेना. पाच मिनिटं थांबायचं आणि 'वेळ संपली' म्हणून बंद. दीप्तीनं मेमरी वाढवली, दहादा चालू-बंद केलं. छे!

"दीपे," कोपऱ्यातनं दादासो म्हणाले, "ख... खटका..."

"खटका चालूच हाय की, आबा!"

पुण्याहून भाऊ प्रसेनजीत फोनवर म्हणाला, "पुसून टाक, नवीन बनव."

"आणि किनारी?"

"गेल्या म्हणायच्या."

पुसायचं बटण समोर होतं. पण साधा माउस धरायला त्या डाव्या हाताचा महिना गेला होता, ते हिनं डोळ्यांनी पाहिलेलं. आधी सांगायला तर हवं. "आबा, तुमच्या किनारी..." म्हणाली, आणि त्या बोलघेवड्या पोरीला पुढं शब्दच सुचेना.

ती गप्प झाली तेव्हा कुठं दादासोंचं वाक्य पुरं झालं. "मी... रोज सांजचं... खटका पाडतोय. माग... बंद करताना... पाडतात तसा."

आई गं! ही गाडी काढायला बाहेर पडली की आबा मागं मेनस्विच खाली ओढायचे, आणि सकाळी ही गाडी लावेपर्यंत वर करायचे. चाळीस वर्षांची सवय. आतलं मशीन रोज चालू कामात मरत होतं, आणि आजवर कसंबसं उठत होतं.

दीप्तीनं पहिल्यांदाच ते मशीन उठताना आत काय चाललंय ते उघडून बघितलं. बिचारं त्या धक्क्यांनी बिघडलेली आपली डिस्क तपासत बसलेलं, चौदा टक्क्यांवर. पाच मिनिटं झाली की हिनंच लावलेली मुदत त्याचा गळा धरायची, आणि पुन्हा पहिल्यापासून! तिनं मुदतच काढून टाकली.

पाऊण तास लागला. दीप्ती जागची हलली नाही. मशीन उठलं. अकराच्या अकरा किनारी शाबूत.

"दीपे," दादासो पडद्याकडं बोट करून म्हणाले, "च... चौ..."

'चहा?' हिच्या ओठांवर आलंच होतं. तिनं ते गिळलं, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि थांबली.

"चौथी... किनार," दादासो म्हणाले, "तुझ्या आईच्या... लग्नातल्या... लुगड्याची हाय. तुला... कवाधरनं... सांगायचं हुतं."