तारवाल्याची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. सायकलची, आणि तीही तारवाल्याच्या सायकलची. कारखान्यात पत्र्याला ठोकून मला वाटीचा आकार दिला, वर चकचकीत पाणी चढवले आणि टपाल कचेरीच्या सायकलवर मी जाऊन बसले.

ती लढाईची वर्षे होती. घरटी एक माणूस आघाडीवर होता. आमचा तारवाला पत्रेही वाटी आणि ताराही. त्या दिवसांत तार आली म्हणजे बहुधा एकच बातमी असे. नुसती सायकल दिसली तरी माणसे गारठून जात. म्हणून तारवाल्याने एक रीत पाडली. सैनिकाचे पत्र असले, की गल्लीच्या तोंडाशी तो मला तीनदा वाजवी. मरणाची तार असली, की आधीच खाली उतरे आणि सायकल हाती धरून मुकाट चालत जाई. मग गल्लीत फक्त चाकाची टिकटिक. घराघरांतले हात जागच्या जागी थांबत. टिकटिक आपल्या दारावरून पुढे गेली की बायका सुटकेचा श्वास टाकत, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटे.

गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. त्यांचा एकुलता एक मुलगा आघाडीवर होता. माझा आवाज आला की मशीन सोडून त्या दारात येत.

“कार्डावर किती ओळी आल्यात?”

“चार, मावशी.”

“चारच? त्याला म्हणावं, जरा सढळ हातानं लिही. शाई काय सासऱ्याची जाते?”

“सासरा अजून मिळायचाय त्याला.”

“मी बघून ठेवलाय.”

एका दुपारी पिशवीत त्यांच्या नावाची तार होती. कोपऱ्यावर तारवाला उतरणार, तोच एक रांगते मूल चाकापुढे आले. तारवाल्याचा अंगठा सवयीने माझ्यावर पडला. एकदा, दोनदा, तीनदा. मूल वाचले.

पण गल्लीच्या टोकाचे मशीन थांबले होते. मावशी दारात आल्या. गळ्यात मापाची पट्टी, ओठांत दोन टाचण्या. त्या काढून हसत म्हणाल्या, “या. आज किती?”

तारवाल्याने पिशवीतून तार काढली. मावशींनी त्याच्या हातातला कागद पाहिला.

“पण तुम्ही घंटी वाजवलीत,” त्या म्हणाल्या. “मी ऐकली ना.”

हेच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या, जणू चूक दाखवून दिली की तो कागद परत नेईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारवाल्याने मला काढून खिळ्यांच्या डब्यात टाकले. त्यानंतर पत्र असो वा तार, गल्लीत टिकटिकच येई, आणि रोज सगळ्याच घरांतले हात थांबत.

मित्रांनो, मी आता गंजले आहे. मला तेल नको की पॉलिश नको. एवढेच मागते, की कुणाच्या दारी कधी वाईट बातमी न्यावी लागली, तर कोपऱ्याच्या बऱ्याच आधी सायकलवरून उतरा. आणि सांगून झाले की लगेच पाठ फिरवू नका. त्या दिवशी तारवाला मावशींच्या पायरीवर दिवेलागणीपर्यंत बसून होता. त्याच्या पिशवीत गल्लीतल्या इतरांची सात पत्रे होती. कुणीही ती मागायला आले नाही.