एका पाळण्यातली दोन बाळे

मित्रांनो, मी टांगता पाळणा नव्हे. जमिनीवर बसून डुलणारा, काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा, खाली दोन वाकड्या पट्ट्या असलेला म्हातारा पाळणा आहे. डोक्याच्या बाजूला माझ्यावर लहानसे छप्पर होते, ते निखळून गेले. सध्या माझ्यात मक्याची कणसे ठेवतात. मागच्या हिवाळ्यात एका उंदरिणीने माझ्यात पिल्ले घातली, तेव्हा मला राग आला नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्यात कोणीतरी निजले होते.

मला मिंगोने घडवले. व्हर्जिनियात रॅपहॅनॉक नदीच्या काठी व्हिटलॉक घराण्याचे तंबाखूचे मळे होते, आणि मिंगो हा त्यांचा गुलाम सुतार. अँब्रोज मालकांचे नुकतेच लग्न झाले होते; घरात पाळणा हवा असा हुकूम आला. मिंगोने दोन वर्षे वाळवून ठेवलेले चांगले लाकूड काढले. शेवटची घासाई झाल्यावर मी नीट डुलतो का हे पाहायला त्याने आपल्या मुलीला, हेस्टरला, माझ्यात बसवले. ती नऊ-दहा वर्षांची होती. तिचे पाय बाहेर लोंबत होते आणि ती खिदळत होती.

"पडशील गं, धर नीट!" मिंगो म्हणाला. "मालकांचं बाळ यायच्या आधी माझंच बाळ पाडायचा हा."

म्हणजे मित्रांनो, माझ्यात सगळ्यांत आधी बसली ती हेस्टर.

दिवाणखान्यात एक जाडजूड बायबल होते. त्याच्या कोऱ्या पानांवर अँब्रोज मालक आपली वंशावळ लिहीत. इंग्लंडातून आलेल्या पणजोबांपासून प्रत्येकाचा जन्म, लग्न, मृत्यू त्यात होता. पाहुणे आले की मालक ते पुस्तक उघडून दाखवीत. घराण्याची जमीन थोरल्या मुलाकडेच जायची, आणि मुलगा नसेल तर ती चुलत भावाकडे जायची, असा जुना बंदोबस्त होता. त्यामुळे सगळे घर माझ्याकडे डोळे लावून बसले होते.

मालकीण लेटिस बाईंची पहिली तीन बाळे माझ्यातच गेली. एक अकरा दिवसांचे, एक सहा महिन्यांचे, एक दात येत असताना तापाने. मालक प्रत्येक वेळी पुस्तक उघडत आणि जन्माच्या ओळीतच मृत्यू लिहून टाकत. तिसऱ्या वेळेनंतर लेटिस बाई माझ्याजवळून जाताना मान दुसरीकडे वळवू लागल्या. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

मग थिओडरिक झाला. सगळे त्याला थिओ म्हणत. बाळ जगले, पण बाळंतीण तापाने फणफणली. अंगावर दूध नव्हते. तेव्हा गुलामांच्या झोपड्यांतून हेस्टरला बोलावून आणले. ती आता एकोणीस वर्षांची होती. मिंगो त्याआधीच वारला होता. हेस्टरच्या कुशीत महिनाभराची मुलगी होती, फिबी. फिबीचा बाप कोण हे त्या घरात प्रत्येकाला ठाऊक होते आणि कोणी तोंडातून काढत नव्हते. हेस्टरला तिची मर्जी कोणी विचारली नव्हती. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

झोपड्या दूर होत्या. थिओ दर घटकेला रडायचा. म्हणून हेस्टरने दोघांनाही माझ्यात शेजारी शेजारी निजवले. लेटिस बाई आजारात होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. ती दोन बाळे एकमेकांच्या श्वासाने झोपत. एकाने हात हलवला की दुसऱ्याच्या गालाला लागे. तीन बाळे माझ्यात थंड पडलेली मी पाहिली होती. आता दोन उबदार जीव होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे सात आठवडे ते.

आठव्या आठवड्यात मालकांच्या आत्याबाई, डोर्कस, वारस बघायला आल्या.

"अगं बाई! जुळी झाली की काय तुला, लेटिस? आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस!"

लेटिस बाई उशाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एक हेस्टरचं आहे, आत्याबाई."

"हो का? कुठलं?"

"डावीकडचं माझं, बाईसाहेब," हेस्टर म्हणाली.

आत्याबाईंना जवळचे नीट दिसत नसे. त्या माझ्यावर अगदी वाकल्या. "मला तर बाई काही फरक कळत नाही. हनुवटीला खळी बघ की दोघांच्याही! थेट आमच्या अँब्रोजची—"

त्या मध्येच थांबल्या. हळूच सरळ झाल्या आणि हवेबद्दल बोलू लागल्या. लेटिस बाईंनी चहाचा पेला तसाच भरलेला खाली ठेवला.

पाहुण्या गेल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, "हेस्टर, उद्यापासून तुझी मुलगी या खोलीत दिसता कामा नये."

फिबीला स्वयंपाकघराच्या पायरीवर तंबाखूच्या टोपलीत ठेवू लागले. थिओ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रडला. सगळ्यांना वाटले, पोट दुखत असेल. मला ठाऊक होते. त्याची शेजारची ऊब गेली होती.

दोन वर्षांनी ॲन झाली. ती माझ्यातून उठली आणि माझे काम संपले. मला कपड्यांच्या खोलीत नेऊन माझ्यात चादरी रचून ठेवल्या. त्या खोलीत फिबी शिवण शिकली. ती मोठी झाली तशी लेटिस बाई तिला दाराच्या आतल्या बाजूला, पाहुण्यांच्या नजरेआड बसवू लागल्या. थिओ मात्र तिथे येऊन बसायचा. दोघेही एकाच तऱ्हेने भुवई वर करून हसत.

थिओ एकवीस वर्षांचा असताना अँब्रोज मालक आजारी पडले. हेस्टरने त्यांची तीन महिने शुश्रूषा केली. एके सकाळी ती चादर न्यायला आली आणि माझ्या काठाला धरून उभी राहिली. तिच्यामागे फिबी होती.

"मालकांनी शब्द दिलाय," हेस्टर तिला म्हणाली. "तुला माझ्यापासून हलवणार नाहीत म्हणाले. स्वतःच्या तोंडानं म्हणाले."

आठ दिवसांनी मालक गेले. मृत्युपत्राचे वाचन जेवणघरात होते. प्रत्येक वस्तू समोर मांडायची म्हणून मलाही तिथे आणले होते. वकील एकसुरात वाचत होते. जमीन आणि घर थिओला. मग ते म्हणाले, "माझी मुलगी ॲन हिला अक्रोडाचा पाळणा, पिसांची गादी, चांदीचे सहा चमचे, आणि फिबी नावाची मुलगी, तिच्या पुढच्या संततीसह."

ॲनचे लग्न डोंगराच्या पायथ्याशी, गाडीने चार दिवसांच्या वाटेवर ठरलेले होते. हेस्टर दारात तबक घेऊन उभी होती. तिने ते खाली पडू दिले नाही. मी त्या वाक्यात पहिला होतो, फिबी शेवटची. मी तर लाकूड, पण मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या खोलीत हेस्टरने थिओला गाठले.

"धाकले मालक, एक मागू?"

"माग की, माई." कोणी नसले की तो तिला अजूनही माई म्हणे.

"ॲनताईंना दुसरी कोणी द्या. ज्यूडिथ आहे, तिला शिवण फिबीपेक्षा चांगलं येतं. ॲनताई नाही म्हणायच्या नाहीत."

"बाबांनी लिहून ठेवलंय गं. मी कसं बदलू?"

"मला त्यांनी तोंडी वेगळं सांगितलं होतं. आणि लिहिणारे तर गेले. आता या घरात तुमच्यावर कोण आहे?"

"आईला विचारावं लागेल."

"आईसाहेब काय म्हणतील ते तुम्हालाही माहीतय, मलाही माहीतय."

"का? तिचं फिबीशी काय वाकडं आहे?"

हेस्टर म्हणाली, "रोज आरशासमोर दाढी करता ना, मालक?"

थिओ लाल झाला. खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते. मग तो शेजारच्या खोलीत गेला आणि मला लेटिस बाईंचा आवाज ऐकू आला: "ती मुलगी या घरात नको, थिओ. इतकी वर्षं मी सोसलं. आता पुरे." थिओने पुढे काही विचारले नाही. त्याने हट्ट धरला असता तर बाईंनी ऐकले असते, असे मला आजही वाटते. तो वाईट नव्हता. त्याला फक्त घरात आवाज चढलेला खपत नसे.

गाडी निघाली ती मार्चमध्ये. मला मागे बांधले, माझ्यात गादी कोंबली, आणि फिबीला मला टेकून बसवले. हेस्टरने तिच्या मांडीवर मक्याची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

"म्हण पाहू," ती म्हणाली.

"आत्ता नको गं, आई."

"आत्ताच. म्हण."

"मी फिबी. हेस्टरची. हेस्टर मिंगोची आणि अबाची. अबा समुद्रापलीकडून आली."

"आणि तुझे मामा?"

"एक क्वॅश, दुसरा लहानगा जो. क्वॅशला नदीच्या खालच्या मुलखात विकलं. लहानगा जो लहानपणीच वारला."

"परत म्हण."

फिबीने परत म्हटले. गाडी हलली, तरी ती म्हणतच होती. हेस्टर गाडीच्या कडेला हात लावून फाटकापर्यंत चालली. तिथून पुढे जायची तिला परवानगी नव्हती. थिओ त्या सकाळी घोडा काढून दूरच्या कोठाराकडे गेला होता.

ॲनला पाच मुले झाली. पाचही माझ्यात झोपली आणि पाचांनाही फिबीनेच झोपवले. तिचा हात हेस्टरसारखाच होता. आधी हलका झोका, मग लांब. फिबीलाही एक मुलगी झाली. तिचे नाव तिने अबा ठेवले. ती जमिनीवर गोधडीत निजे, आणि फिबी पायाने मला झुलवत हाताने तिला थोपटत असे. ॲन स्वभावाने कठोर नव्हती. "एकदा तुला आईकडे पाठवायचंय हं, फिबी," असे ती दर वसंतात म्हणायची. मग पेरणी निघे, किंवा मूल आजारी पडे.

एकदा थिओचे पत्र आले. ॲन ते मोठ्याने वाचत होती. पाऊस कसा झाला, लाल घोडीला शिंगरू झाले, आणि अगदी तळाशी: म्हातारी हेस्टर फेब्रुवारीत गेली. वाचून झाल्यावर ॲन चपापली. फिबी चादरींच्या घड्या घालत होती. तिने उरलेल्या सगळ्या घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि मग ती बाहेर गेली.

मधे मोठे युद्ध झाले, इंग्लंडच्या राजाचा अंमल गेला, नवे कायदे आले. गुलामाला मुक्त करायची मुभाही मिळाली. ॲनने ते बोलणे कधी काढले नाही.

एका ऑक्टोबरात थिओ आला. केस पांढरे झालेले, लग्न केले नव्हते, मागे कोणी नव्हते. सोबत ते बायबल होते. ॲनच्या मुलांची नावे लिहायची आणि वंशावळ पुरी करायची, हा त्याला ध्यास लागला होता. कोणत्या पूर्वजाला कुठल्या गावात, चर्चच्या कुठल्या भिंतीपाशी पुरले आहे, हेही त्याने इंग्लंडला पत्रे धाडून मिळवले होते. तो ते ॲनला कौतुकाने वाचून दाखवत होता. फिबी तबक घेऊन आत आली.

"फिबी, ओळखलंस?"

"ओळखलं, मालक."

तो तिच्या हनुवटीकडे बघत राहिला. मग घाईघाईने म्हणाला, "तुला काही हवंय का? माग. खरंच माग."

ॲनची सुई थांबली. फिबीने तबक खाली ठेवले.

"माझ्या आईला कुठं पुरलं?"

थिओने तोंड उघडले. "ओढ्याच्या पलीकडे... तिथं ती झाडी आहे ना..."

"कुठल्या झाडापाशी?"

"तिथं पुष्कळ जण आहेत गं. मी त्या दिवशी परगावी होतो."

"फळी तरी रोवली होती का?"

"मला ठाऊक नाही, फिबी."

त्याच्या मांडीवर पुस्तक उघडे होते. तो अगदी हळू म्हणाला, "तिचं नाव लिहू का इथं?"

"नको, मालक," फिबी म्हणाली. "त्या पुस्तकात ती एकटीच पडेल."

ती निघून गेली. थिओने पुस्तक मिटले. त्या दिवशी त्याने ॲनच्या मुलांचीही नावे लिहिली नाहीत.

पुढे फिबी त्याच घरात वारली. ॲनच्या मृत्युपत्रात छोटी अबा कोणाच्या वाट्याला गेली, ते मला कळले नाही. तोवर मला कोठारात टाकले होते. या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त त्रास होतो. ती कुठे आहे, तिला आपल्या माणसांची नावे म्हणता येतात का, हे विचारायला माझ्याजवळ तोंड नाही.

मित्रांनो, मला पुसून, रंगवून कोणी पुन्हा घरात न्यावे असे मला आता वाटत नाही. पण तुम्हाला भरवणारे, थोपटून निजवणारे कोणी तुमच्या घरी असेल, आणि तुमच्या घराण्याच्या नावात त्याचे नाव नसेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. त्यांची आई कोण, त्यांचे गाव कुठले, त्यांची भावंडे कुठे गेली, ते विचारा. सांगताना ती माणसे अडखळतील, रडतीलही. तुम्ही उठून जाऊ नका.