दुपारी वाजणारा दगड

मी सांगतो त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि कुणाचा बसलाच तर आधी त्याची दृष्ट काढा! मित्रांनो, मी देवळ्याजवळच्या एका मळ्यातला जुना, धुण्याचा दगड आहे. सुरुंगाने डोंगर फुटला तेव्हा बाकीचे दगड गडगडत खाली आले. मी मात्र चालत आलो. पाथरवट टाकीचे घाव घालू लागला तेव्हा त्याच्या तोंडावर शिंकलोसुद्धा.

मला विहिरीपाशी बसवून घेतलं ते चंद्रभागेने. सोळावंही सरलं नव्हतं, अंगाची हळद निघाली नव्हती तिची. लुगडी, गोधड्या, लेकरांची बाळोती, सारं तिने माझ्या पाठीवर आपटलं. "माझा दगड रेशमावानी हाय," असं शेजारच्या चिमणाबाईला कौतुकाने सांगायची.

पुढे तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं लोटली. आणि मग ती भर दुपारी, सगळे कांद्याच्या वावरात असताना, एकटीच धुवायला येऊ लागली. पाणी लाल वाहायचं. मी उन्हात कोरडा ठक्क झालो तरी तो डाग आतून पुन्हा वर यायचा. माझ्यावर बसणारे कावळेही बसेनासे झाले.

एकदा चिमणाबाईने पाहिलं. "अगं, नर्सबाई तपासणीला बोलावती. जा की!"

"या वयात कुणापुढं उघडं पडू? अन् तसला रोग निघाला तर लोकं म्हनतील, बाईच वाकड्या चालीची. कुणाला बोललीस तर माझी आन हाय तुला!"

चिमणाबाईने तोंड शिवून घेतलं. मित्रांनो, असा डाग म्हणजे पाप नव्हे. तो लपवू नका, दवाखान्यात दाखवा. मी दगड असून मला हे कळलं!

मग काय, एका दुपारी मीच तोंड उघडलं. "खंडेराव!" अशी हाक मारली की विहिरीचं पाणी काठापर्यंत आलं. तिचा नवरा धावत आला, त्याच पावली तिला नाशिकला घेऊन गेला, आणि ती ठणठणीत बरी झाली. अजून येते ती दुपारची. सगळे वावरात गेले की ऐका... धप्प. धप्प.

"खोटं!"

तिची नात सायली दप्तरासकट समोर उभी होती. शाळा लवकर सुटली होती. "कुणी हाक मारली नाय. नाशिकला नेलं तवा डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, लय उशीर केला. आजी गेली. अन् हे दुपारचं धुणं आजीचं नाय."

माझ्यावर वाकलेली तिची आई, आशा, हातातला लाल पिळा पाठीमागे लपवू लागली.

"आई, तुझी पाळी तर मागच्याच आठवड्यात झाली ना?" सायलीने तो पिळा तिच्या हातातून काढून घेतला. "चल. लुगडं ओलं हाय तर ओलं. आत्ताच चल."