वडाला कावीळ

“पान्याचं आमाले कोनी शिकवाचं नाई,” मनिराम कापगते होणाऱ्या व्याह्याला म्हणाले. “आमच्या आज्याच्या आज्यानं गावचा तलाव बांधला. अजून पाळीतून थेंब गळत नाई. हे तं वीतभर झाड हाये.”

होणारे व्याही म्हणजे गोंदियाचे श्यामलालजी. बँकेतून रिटायर झालेला माणूस. त्यांनी एक वड ताटाएवढ्या कुंडीत वाढवला होता, म्हणजे वर्षानुवर्षं वाढू दिला नव्हता, आणि पोटच्या लेकीपेक्षा त्याच्यावर काकणभर जास्तच जीव लावला होता. त्यांची भूमिका आणि मनिरामचा अश्विन एकमेकांना पसंत होते. बोलणी तेवढी ‘बघू, सोचते हैं’वर अडून बसली होती. आता श्यामलालजी बायको-पोरीला घेऊन जगन्नाथपुरीला निघाले, तर वाट वाकडी करून वड इथे ठेवायला आले.

“समधीजी, अभी कुछ बोलता नहीं,” कुंडी टीव्हीशेजारी ठेवत ते म्हणाले. “पर जो घर मेरा बरगद सँभालेगा, वो मेरी बेटी भी सँभालेगा. बस, धूप में मत निकालना.”

गाडी गेली. अश्विनचं लग्न टेबलावर येऊन बसलं.

मनिरामनी लगेच झाडाला तांब्याभर पाणी घातलं. ते सगळं कुंडीच्या बुडातून निघालं आणि त्यांच्या बायकोनं, सुशीलाबाईंनी, विणलेल्या टेबलक्लॉथवरून टपटप खाली आलं. कुंडी उलटून पाहिली तर बुडाला दोन भोकं.

“फुटकी कुंडी देल्ली बुवा त्यायनं,” मनिराम हळूच म्हणाले.

“सांगू नोका त्याइले,” सुशीलाबाई म्हणाल्या. “बिचाऱ्याइले वाईट वाटन.”

मनिराम मोठ्या मनाचे. व्याह्याची लाज झाकायची म्हणून त्यांनी पांढरं सिमेंट कालवलं आणि दोन्ही भोकं अशी बुजवली की तलावाच्या पाळीनं मान खाली घालावी. वर धानाच्या बांधीत उभं करतात तसं काठोकाठ पाणी उभं केलं. रोज सकाळी बोट बुडवून बघायचे आणि खूश व्हायचे. थेंब गळत नव्हता.

आठवड्याभरात पानं पिवळी पडायला लागली.

“कावीळ हाये,” सुशीलाबाईंनी एका नजरेत सांगितलं. “मानूस असो का झाड, पिवळं पडलं का कावीळ.”

“झाडाले कावीळ काऊन होईन?”

“मंग पिवळं काऊन झालं? सांगा नं तुमी.”

मनिरामनी चपला घातल्या. बाजूच्या गावातून काविळीची माळ आणली. ही माळ डोक्यावर ठेवतात, दिवसादिवसानं ती लांबत खाली उतरते आणि पायापर्यंत आली की कावीळ गेली. वडाच्या डोक्यावर ठेवली तर ती सरळ घसरून बुडाशी पाण्यात जाऊन पडली.

“उतरली,” सुशीलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पानं आणखी पिवळी. मनिरामनी एक पान खिशात घालून कृषी केंद्र गाठलं. काउंटरवर छोटेलाल होता. त्यानं पान उजेडात धरलं, वास घेतला, चेहरा डॉक्टरसारखा केला.

“किती एकर हाये?”

“एक ताट.”

“ताट?”

“झाड ताटात हाये, बा.”

छोटेलालनं पुढे काही विचारलं नाही. गिऱ्हाईक जुनं होतं आणि ऊन फार होतं. “नत्र कमी पडून राहिलं. युरिया टाका. चिमूटभर.”

घरी येऊन मनिरामनी चिमूट टाकली. मग त्यांना वाटलं, पाहुण्याचं झाड आहे, चिमटीनं काय वाढायचं. मूठ टाकली. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि हॉलमध्ये वास सुटला. सुशीलाबाईंनी सोफ्याखाली मेलेला उंदीर शोधला. सापडला नाही.

शेवटी अश्विननं बापाला न विचारता भूमिकाला व्हिडिओ कॉल लावला. ती पुरीच्या धर्मशाळेत बसली होती. झाड पाहिल्याबरोबर तिनं आधी मागे वळून बाप जवळपास नाही ना ते बघितलं.

“काकाजी, पानी किती देता?”

“भरपूर,” मनिराम पुढे सरकून म्हणाले. “तहानलेलं नाई ठेवलं आपन.”

“आनि खालून निघते का बरोबर?”

“एक थेंब नाई निघत, बेटा. मी स्वतः बुजवलं.”

भूमिकानं पुन्हा एकदा मागे वळून बघितलं. मग ती सावकाश म्हणाली, “काकाजी, ते भोकं पानी जाऊ द्याचेच असते. मुळं सडले असतीन.”

मनिराम खाली बसले. थेंब न गळू देणं हीच ज्या घराची इज्जत, त्या घरात हे ऐकायला मिळालं.

भूमिकाच्या सांगण्यावरून झाड उपसलं. उंदराचा वास तिथूनच येत होता. अश्विननं काळी मुळं कापली, सिमेंट टोकरून काढलं, रेताड माती भरली. उरलेली पानं मात्र एकेक करून गळत गेली आणि श्यामलालजी येण्याच्या आदल्या दिवशी शेवटचं गळलं. वड म्हणजे निव्वळ काड्या.

“बकरीनं खाल्लं म्हनू का?” मनिराम म्हणाले.

“आपल्या घरी बकरी नाई, अजी,” सुशीलाबाई म्हणाल्या.

“आनू का एखादी?”

तेवढ्यात गाडी आली. श्यामलालजी थेट टेबलाशी गेले. चष्मा काढला, पुसला, घातला. भूमिका दारातच थांबली. अश्विन पंख्याकडे बघत होता.

“पत्ते कहाँ गए?”

मनिराम टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सारख्या करायला लागले.

“एक भी नहीं छोड़ा,” श्यामलालजी झाडाभोवती फिरत म्हणाले. “समधीजी, ये तो बड़े उस्ताद लोग करते हैं. गरमी में पूरे पत्ते उतार दो, तो नए पत्ते छोटे-छोटे आते हैं. मैं इतने साल से सोच रहा हूँ, हिम्मत नहीं हुई.” त्यांनी नखानं फांदी खरवडली. आत हिरवं होतं. “और मिट्टी भी बदल दी.”

मनिराम सरळ माणूस. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. सुशीलाबाईंनी त्यात पेढा घातला.

“घ्या नं, तोंड गोड करा,” त्या म्हणाल्या आणि पेढ्याचा डबा व्याह्यांपुढे धरला.

चहा होईपर्यंत लग्न ठरलं. श्यामलालजींनी भूमिकाचा हात सुशीलाबाईंच्या हातात दिला, डोळे पुसले, मनिरामना दोनदा मिठी मारली. निघताना वड त्यांनी स्वतः बाहेर नेला, कोणाला हात लावू दिला नाही. गाडीपाशी सगळे परत एकदा एकमेकांच्या पाया पडले, म्हणून हात मोकळे करायला त्यांनी कुंडी जरा वेळ गाडीच्या टपावर ठेवली.

कुंडी गोंदियाच्या वाटेवर, कोहमारा गावाच्या अलीकडे सापडली. वड मागून येणाऱ्या ट्रकखाली गेला.