पाठीवरची चेन

उपग्रहांत इंधन भरणाऱ्या टोळीत एक रीत होती. विषारी इंधनापासून जपणाऱ्या सूटची चेन पाठीवर असते, ती आपली आपल्याला लावता येत नाही. कुणाकडून लावून घ्यायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आत जीव असतो. चेन परक्याच्या हाती कशी द्यायची?

दोघा भावंडांतला धाकटा या टोळीत; त्याची चेन वडील लावायचे. ते टोळीचे मुकादम. त्या इंधनानंच त्यांचं यकृत खाल्लं आणि ते गेले. तेव्हापासून थोरल्या बहिणीनं बिनविषारी इंधनाचा ध्यास घेतला. ती तिथेच इंजिनिअर, उपग्रहात कुठलं इंधन घालायचं ते ठरवणाऱ्या समितीत.

"यंदा बिनविषारीच," ती भावाला म्हणाली. "साध्या हातमोज्यांत भरशील."

"ताई, तुझ्या तोंडात साखर पडो. आणि जुनंच निघालं, तर चेन तू लावायचीस!"

"लावीन की."

बैठकीत घोडं अडलं. नवं इंधन पेटवायला इंजिन आधी तापवावं लागतं. त्याला मोठी बॅटरी हवी, आणि बॅटरीला जागा हवी तर उपग्रहावरचा दुसरा कॅमेरा काढायला हवा. कॅमेरा म्हणजे समितीच्या अध्यक्षसाहेबांचा जीव की प्राण.

"जुन्या इंधनानं कधी दगा दिलाय का?" साहेबांनी विचारलं.

उपग्रहाला नाही दिला, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढच्या मोहिमेचा प्रमुख साहेबच नेमणार होते. तिनं मूग गिळले आणि जुन्या इंधनासाठी सगळ्यांबरोबर हात वर केला.

घरी भाऊ जेवत होता. "नाइलाज झाला रे," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. "कॅमेरा चांगला असेल," एवढंच म्हणाला.

भरण्याच्या दिवशी ती तयारीच्या खोलीत गेली. भाऊ सूट चढवून उभा होता, पाठ उघडी. तिनं चेनला हात घातला, तसा तो बाजूला झाला.

"राहू द्या, मॅडम."

"अरे, मी लावते ना. ठरलं होतं आपलं."

"हात खराब होतील तुमचे."

टोळीत एका गड्याशी त्याचं वर्षभर वाकडं होतं. दोघं एका बाकावर बसत नसत. भाऊ त्याच्यासमोर गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"लाव रे."

गड्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चेन वर ओढली.

"सूट नसलेल्यांनी बाहेर व्हावं," भोंग्यातून आवाज आला. खोलीत सूट नसलेली ती एकटीच होती.