मलावीला जाणारी कॅसेट

उत्तरा मलावीला गेल्यापासून नौपाड्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक प्रथा पडली होती. नोव्हेंबरमधल्या मिशन-रविवारी उपासना संपली की कोणी लगेच घरी जायचं नाही. चहा घ्यायचा आणि चर्चमध्येच बसून तिच्यासाठी कॅसेट भरायची. एका बाजूला गीतं, दुसऱ्या बाजूला माणसांचे आवाज. मुलांनी पाठ केलेली वचनं, तरुण संघाचा गलका, म्हाताऱ्यांचे आशीर्वाद. नाताळच्या आत पोचावी म्हणून दुसऱ्याच दिवशी ती पोस्टात पडायची.

उत्तरा नर्स होती. तिकडच्या एका सरोवराकाठी मिशनचं छोटं इस्पितळ होतं, तिथे ती बाळंतपणं करायची. तिचा निम्मा खर्च आमची मंडळी उचलत होती. बायका जुन्या सुती साड्या फाडून, उकळून, इस्त्री करून बँडेजच्या गुंडाळ्या पाठवत. बुधवारच्या प्रार्थनेत तिचं नाव कधी राहत नसे. मंडळी काही मोठी नव्हती. वागळे इस्टेटमधले कामगार, थोडे शिक्षक, बऱ्याच नर्सेस. बहुतेकांच्या आज्या-पणज्यांना नगरकडच्या इस्पितळात परदेशी डॉक्टरिणींनी बरं केलेलं. त्यामुळे मिशनरी म्हणजे आपल्याकडे येणारा माणूस, अशीच सगळ्यांची समजूत. आपल्यातली एक मुलगी तशी दुसरीकडे गेली आहे, याचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं.

सत्त्याऐंशी सालच्या कॅसेटच्या वेळी मात्र एक अट होती. उत्तराच्या आईच्या, मालनमावशींच्या डोळ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नव्हतं.

मावशींना आधी दाराच्या चौकटी लागू लागल्या. मग एकदा बाजूने आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून असेल, त्यांनी डॉक्टरांकडे सोबत मला नेलं. काचबिंदू निघाला. त्यात दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून आत मिटत येते आणि माणूस नकळत मान वळवून भागवत राहतो. मावशींचा डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यात समोरचा एक गोल तेवढा उरला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. उत्तराच्या नेमणुकीची दोन वर्षं अजून बाकी होती. तोवर टिकेल का, हे मावशींनी दोनदा विचारलं. सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

त्या बुधवारी मावशींनी मंडळीला सगळं सांगितलं आणि उत्तराला कळवू नका असंही सांगितलं. तिकडे ती एकटीच शिकलेली सुईण, माझ्या डोळ्यांसाठी बाळंतिणी टाकून यायची का, असं त्यांचं म्हणणं. आमचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, त्यांचे डोळे भरून आले. याला अर्पण म्हणतात, असं ते म्हणाले. मावशी खाली बघत राहिल्या.

कॅसेट भरण्याचं काम सुधीरचं. तो वागळे इस्टेटमध्ये विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात होता आणि टेपरेकॉर्डर त्याचाच होता. एकेक जण पुढे येऊन बोलत गेला. सगळ्यांनी अट पाळली. इतकी पाळली, की मावशींचं नाव काढतानाही लोक चाचरत होते. मावशी स्वतः मात्र सराईतपणे बोलल्या. लिंबाचं लोणचं चांगलं मुरलंय, शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झालीत, गॅसचा सिलिंडर यंदा वेळेवर आला, मी मजेत आहे.

वयाचा मान म्हणून शेवटची प्रार्थना शमुवेलकाकांची. काका ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले, भरदार आवाजाचे, आणि प्रार्थनेला उभे राहिले की वेळेचं भान नसलेले. त्यांच्या प्रार्थनेत कोण आजारी, कोणाची नोकरी सुटली, कोणाच्या मुलीचं स्थळ जमत आलंय, सगळं यायचं. तरुण संघाची पोरं त्यांना आपसांत 'आकाशवाणी' म्हणत. त्या दिवशी त्यांनी मलावीपासून सुरुवात केली. सरोवर, तिथले कोळी, तिथल्या बाळंतिणी, रस्ते, डासही झाले. आम्ही सगळे डोळे मिटून उभे होतो.

"आणि बापा, आमची बहीण मालन. तिचे डोळे तू जाणतोस. डावा गेला. उजव्यात नळीतून बघावं एवढंच उरलंय. ती कोणापाशी बोलत नाही. पण परवा मी तिच्याकडे गेलो, तर भिंतीवरचा लेकीचा फोटो काढून डोळ्याशी धरून बसली होती. बापा, उजेड आहे तोवर लेकीचं तोंड दिसावं, एवढंच तिच्या मनात आहे. ते तू ऐक. आमेन."

आमेन कोणी म्हटलंच नाही. सुधीरने डोळे मिटले नव्हते. त्याचं बोट बटणावर होतं, पण त्याला ते दाबवलं नाही. "प्रार्थना मध्येच कापायची कशी?" असं तो नंतर मला म्हणाला.

काकांनी समाधानाने डोळे उघडले आणि समोर सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांना दिसलं.

"अहो, काय केलंत हे?" त्यांच्या बायको, केशरबाई म्हणाल्या. "सांगायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"मी कुठं तिला सांगितलं? मी देवाला सांगितलं."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काका खरंच गोंधळले होते. पन्नासेक वर्षं ते अशीच प्रार्थना करत आले होते. पुढ्यातला मायक्रोफोन त्यांच्या हिशेबात कधी आलाच नव्हता. मग त्यांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"पुसा," ते म्हणाले. "माझं सगळंच पुसून टाका."

पुसणं सोपं होतं. टेप मागे न्यायची आणि त्यावर दुसरं काही भरायचं, सुधीर म्हणाला. पण पाळकसाहेबांना ते बरं वाटेना. देवापुढे म्हटलेली प्रार्थना पुसायची? कोणी म्हणालं, देवाने ती ऐकलीच आहे, आता टेपवर राहिली काय नि गेली काय. त्यावर वाद लागला. काकांनी पुन्हा थोडक्यात प्रार्थना करावी, असं गायनमंडळातल्या एकीने सुचवलं.

"ह्यांना थोडक्यात येत असतं तर ही पाळी आली असती का?" केशरबाई म्हणाल्या.

मग सगळे मावशींकडे वळले. त्या पेटीजवळच्या बाकावर पदराचं टोक बोटांत घेऊन बसल्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. मला एकदा ऐकवा, एवढंच त्यांनी सांगितलं. सुधीरने टेप मागे नेली. काकांचा आवाज चर्चभर पुन्हा घुमला, आणि काका स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

ऐकून झाल्यावर मावशी माझ्याकडे वळल्या. आता त्यांना पूर्ण मान वळवावी लागायची.

"फोटोचं खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग विचारलं, "डॉक्टर दोन वर्षांचं काय म्हणाले होते गं?"

त्यांना ठाऊक होतं. तरी मी सांगितलं, "सांगता येत नाही म्हणाले."

"म्हणजे दिसेल, असं नाही म्हणाले."

"नाही."

पाळकसाहेब पुढे येऊन म्हणाले की आत्ताच्या आत्ता काही ठरवायला नको, पुसून टाकू आणि विषय संपवू. मावशींनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही अर्पण म्हणालात, तेव्हा मला बरं वाटलं, पाळकसाहेब. खोटं कशाला बोलू. पण माझं होतं ते मी दिलं ते ठीक. तिचंही मीच देऊन टाकलं. तिला आईला बघायचं असेल की नाही, ते विचारलं कुठे?"

पाळकसाहेबांनी खुर्ची ओढून मायक्रोफोनपाशी मांडली.

आम्ही बाहेर जाऊ का, असं मी विचारलं. मावशी नको म्हणाल्या. तुम्ही सगळ्यांनीच पाठवलंय तिला, सगळ्यांसमोरच बोलते. त्या खुर्चीवर बसल्या, मायक्रोफोन कुठे आहे ते हाताने चाचपून पाहिलं आणि सुधीरला खूण केली.

"उत्तरा, काका म्हणाले ते खरं आहे. काचबिंदू आहे. थेंब घालते, न चुकता. डावा गेला. उजव्याने समोरचं दिसतं, चांगलं दिसतं. तू नर्स आहेस, तुला पुढचं कळेल. लोणच्याचंही खरं आहे हं. मुरलंय. तिकडे खरंच कोणी नसेल तर येऊ नकोस. मी रागावणार नाही. पण मला तुला बघायचंय. महिनाभर ये. मग जा परत."

आणखी काही बोलतील असं वाटून सुधीर थांबला. टेप फिरत राहिली. तेवढ्यात, तिकिटाचं मंडळी बघेल, असं पाळकसाहेब अगदी हळू म्हणाले. ते कॅसेटवर आलं की नाही कोण जाणे. मग मावशींनी हात वर केला आणि सुधीरने बटण दाबलं.

नीट भरलंय का ते पाहायला तो टेप मागे नेऊ लागला, तर मावशींनी त्याचा हात धरला.

"ऐकवू नकोस रे. ऐकलं तर मी पुसायला लावीन."

सुधीरने कॅसेट बाहेर काढली. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर नेहमीसारखं दुसरं काही भरता येत नाही. त्याने खिशातल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पट्ट्या मोडल्या. कट्, कट् असा बारीक आवाज झाला.

"काय केलंस?" मावशींनी विचारलं.

त्याने सांगितलं. त्यांनी हात पुढे करून कॅसेट घेतली, मोडलेल्या जागी अंगठा फिरवून पाहिला, आणि पार्सलचं कापड शिवायला बसलेल्या केशरबाईंच्या हातात दिली.