पाचपैकी पाच मिळवणारा बुधला

मित्रांनो, माझं बोलणं तुम्हांला खरं वाटणार नाही, तरी ऐका. मी एक जुना लाकडी बुधला आहे आणि सोन-कुल तळ्याकाठच्या अख्ख्या कुरणावर मला पाचपैकी पाच गुण मिळाले आहेत. एकाही तंबूत साडेचार नाही! मला पाहून घोड्या आपणहून पान्हा सोडत. एक लांडगा तर वाटीभर आंबट कुमिस प्यायला मिळेल म्हणून मेंढ्यांच्या मागे मुकाट उभा राहिला होता.

माझा जन्म बिश्केकच्या एका डिझाइन शाळेत झाला. अक्रोडाचं अंग, पोटात दूध घुसळणारी पाती, बाजूला वार्निश केलेला फिरवायचा दांडा. मला घडवलं तिथे शिकणाऱ्या बेगायिमने. तिची आई कान्यशाय उन्हाळाभर चामड्याच्या पिशवीत घोडीचं दूध घुसळून कुमिस करायची. तिचा उजवा खांदा कामातून जात चालला होता. आणखी काही उन्हाळे असेच गेले तर हात वर उचलणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बेगायिम मला घेऊन एका कारखानदाराकडे गेली. तो म्हणाला, "आधी लोक किती गुण देतात ते आकडे आण, मग बुधले बनवू."

बेगायिम मला घोड्यावर लादून तंबूतंबूत ठेवू लागली आणि परत न्यायला आली की गुण विचारू लागली.

"आपा, कसा वाटला?" ती तंबूतल्या म्हातारीला विचारी.

"सोनं आहे गं, सोनं! पाच लिही. आधी लोणी घे, किती वाळलीस!"

"दांडा जड नाही ना जात?"

"पाच लिही म्हटलं ना! चहा निवतोय."

माझा थाट काय सांगू! मला थेट आतल्या मानाच्या जागी बसवत, वर भरतकामाचं कापड घालत. ती बिचारी चामड्याची पिशवी दाराशीच लटकलेली. येणारा-जाणारा तिच्यातलं दूध दोन-चार वेळा घुसळूनच आत येई.

शाळेत तुर्सुनाय बाईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"सगळे पाच? बेगायिम, हे गुण बुधल्याचे नाहीत, पाहुणचाराचे आहेत. दारात आलेल्या लेकीला तोंडावर वाईट कोण म्हणेल?"

"बाई, माझ्या आईनेसुद्धा पाच दिलेत!"

"मग तर झालंच! विचारत बसू नकोस. न सांगता जा आणि दांडा किती झिजलाय ते मोज."

"तुम्हांला माझं चांगलं बघवतच नाही," बेगायिम म्हणाली. आणि आकडे तसेच कारखान्यात गेले.

माझी शेकडो भावंडं बनली. एकही खपलं नाही. गुण देणारे तेच लोक बाजारात आम्हांला पाहून मान वळवून गेले. भावंडं सरपणात गेली. मी कोच्कोर गावच्या या कोठारात, डोक्यावर फाटकं खोगीर घेऊन पडलोय. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. मित्रांनो, वस्तूला तोंडभर गुण देऊन कोपऱ्यात टाकू नका. त्यापेक्षा एखादी शिवी द्या, पण वापरून द्या.

तरी एक समाधान आहे. कान्यशायने मला सोडलं नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे ती माझाच दांडा फिरवत राहिली. तिचा हात माझ्यामुळे वाचला...

"खोटं!" तुमच्या मागून एक पोरगी ओरडली. "दांड्यावरचं वार्निश अजून कोरं आहे. आणि कान्यशाय माझी आजी आहे. तिची वेणी मला घालावी लागते."